चढावरचा पिवळा दिवा

शनिवार, १ ऑक्टोबर

पुन्हा लागला!

आठ दिवस गाडी मुतलकच्या गॅरेजमध्ये पडून होती. इंजिनचं डोकं उतरवलं, जळलेलं गॅस्केट बदललं, सगळं परत बसवलं. चावी हातात देताना म्हणाला, "बहिणी, आता दहा वर्षं याच्याकडे बघायला नको." दहा वर्षं! दोन दिवस टिकलं. वादी शुऐबचा चढ सुरू झाला आणि तिसऱ्या वळणावर गाडी असे हिसके द्यायला लागली की यम्माचं, माझ्या आईचं, डोकं काचेवर आपटलं. समोर तो पिवळा इंजिनचा दिवा. नुसता लागला असता तरी चाललं असतं, हा मिचकावत होता. लागून राहिला तर जपून चालवायचं, मिचकावला तर थांबायचं. एवढं मलाही कळतं.

पण थांबून कसं चालेल? साडेसहाला यम्माला सल्तच्या रुग्णालयात मशीनवर झोपवायचं असतं. शनिवार, सोमवार, बुधवार. चार तास तिचं रक्त धुतलं जातं, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस तिला धड श्वास घेता येतो. एक फेरी चुकली की पाय सुजतात. लागोपाठ दोन चुकल्या तर काय होतं ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय. यम्माला मी ते सांगितलेलं नाही.

पहिल्या गिअरमध्ये रांगत वर गेले. मागे टोमॅटोच्या ट्रकांची ही रांग! एकजण खिडकीतून ओरडला, "मास्तरीणबाई, उतरून ढकला, लवकर पोचाल!" त्याला कसं कळलं मी मास्तरीण आहे, कोण जाणे. सव्वासातला पोचलो. नर्स म्हणाली, उशीर झाला, आज तीनच तास.

यम्मा शांत होती. येताना एवढंच म्हणाली, "गाडीला जायचं नसेल तर कशाला ओढतेस तिला?"

रविवार, २ ऑक्टोबर

शाळा दुपारची, म्हणून सकाळीच मुतलकच्या गॅरेजवर गेले. त्याने स्टिअरिंगखाली ते यंत्र खोचलं, पडद्यावर बघितलं. तिसरा सिलिंडर, मिसफायर. म्हणजे चारांतला तिसरा नीट पेटत नाही. मी विचारलं, का नाही पेटत? तर म्हणतो, "पेट्रोल खराब असेल. कुठून भरलंस?"

पेट्रोल खराब असेल तर ते फक्त तिसऱ्यालाच कसं लागतं? बाकीचे तीन काय दुसरीकडून पितात? वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय मी! तर हसला, डोळे चुकवले, बॉनेटमध्ये हात घालून काहीतरी खुडबुड केली, बटण दाबून कोड पुसला. दिवा गेला. "झालं."

दुसरा कुणी असता तर गाडी उचलून सरळ पलीकडच्या गॅरेजमध्ये नेली असती. पण मुतलक माझा दूधभाऊ. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हा यम्माने मला एका बाजूला आणि त्याला दुसऱ्या बाजूला घेऊन पाजलं. त्याच्यासमोर मी डोकं न झाकता बसते. आमच्या घरात स्वयंपाकघरापर्यंत येतो तो, यम्माच्या कपाळाची पापी घेतल्याशिवाय जात नाही. असल्या माणसाला सोडून गाडी दुसऱ्याकडे न्यायची म्हणजे सगळ्या शूना गावात बोंब!

सोमवार, ३ ऑक्टोबर

चढली. दिवा नाही. उगीच बोलले त्याला.

बुधवार, ५ ऑक्टोबर

उगीच बोलले नव्हते! तेच वळण, तेच हिसके, तोच दिवा.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

काल सल्तहून कोड वाचायचं छोटं यंत्र घेऊन आले. मोबाईलवर दिसतं सगळं. मुतलकच्या हातापाया पडायची गरज नाही.

मुलींना प्रयोगशाळेत मी एकच गोष्ट घोकून घेते. एका वेळी एकच बदल करायचा. तेच केलं. सकाळी ऊन चढायच्या आत अंगणात बॉनेट उघडलं. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्याला लावली, पहिल्याची तिसऱ्याला. कॉइल खराब असेल तर आजार तिच्याबरोबर पहिल्याकडे जायला हवा. गाडी फिरवून आणली. आजार तिसऱ्याकडेच! मग स्पार्क प्लग तसेच अदलाबदल केले. तरी तिसराच. म्हणजे ठिणगी ठीक आहे. हवा सगळ्यांना सारखीच. उरलं पेट्रोल. टाकीतलं नव्हे, तिसऱ्या सिलिंडरला पोचणारं. तिथला इंजेक्टर हवेच्या जाड पाइपांखाली दडलाय. हात जात नाही, दिसत तर काहीच नाही. ते पाइप शेवटचे कुणी काढून बसवले? मुतलकने!

नखं काळी झाली. यम्मा उंबऱ्यात खुर्ची टाकून बघत होती. "अभ्यास चाललाय का?" मी म्हटलं, तुझ्या लाडक्याने वाट लावलीय इंजिनची. तर म्हणते, "त्याला काही बोलू नकोस. त्याची चूक नाही."

तिला कायमच त्याचं कौतुक! मी आठवीत पहिली आले होते, त्या वर्षी हा नापास झाला, तर त्याची समजूत काढायला म्हणून कोंबडी शिजली होती.

शनिवार, ८ ऑक्टोबर

फार बोलले आज. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला असं बोललेच नव्हते म्हणता येणार नाही.

सकाळी परत रांगत वर गेलो, परत तीन तास. यम्माला घरी आणून निजवलं आणि तशीच गॅरेजवर गेले. रस्त्यावर पाच-सहाजण चहा पीत बसलेले. मी मोबाईल मुतलकच्या नाकासमोर धरला. कॉइल बदलून बघितली, प्लग बदलून बघितले, म्हटलं, इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये काहीतरी आहे, ते पाइप उघड. तर हा हात पुसत म्हणतो, "सेन्सर असेल. एखादा आठवडा चालवून बघ."

एक आठवडा! एका आठवड्यात तीन फेऱ्या असतात रे! तुला माहीत नाही?

"माहीत आहे," म्हणाला. खाली बघून.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांसमोर ओरडले, "यम्माने तुला पाजलेलं दूध फुकट गेलं!"

चहावाल्याचा हात थांबला. मुतलकचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हा आता पडतो. हातातलं फडकंसुद्धा खाली ठेवलं नाही त्याने, सरळ आत गेला.

यम्माला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. जेवली नाही. माझ्याशी बोललीही नाही.

सोमवार, १० ऑक्टोबर

बंदच पडली. तिसऱ्या वळणाच्या पुढे, उतारावरून मागे घसरत. दगड लावून उभी केली. पहाटेचे सहा, यम्मा आत गुंडाळलेली, मोबाईलला रेंज नाही. शेजारचा अबू हिलाल टोमॅटो टाकून रिकामी पिकअप घेऊन खाली येत होता, तो देवासारखा भेटला. पण तोवर साडेसात झाले होते! वर नेईपर्यंत आठ वाजले असते, आणि रुग्णालयातली यम्माची पाळी साडेसहाची. फेरी चुकली.

अबू हिलाल म्हणाला, "विका ही गाडी, गाढव घ्या. गाढवाला दिवा नसतो." यम्मा हसली. किती दिवसांनी हसली. मला मात्र रडू आलं.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

पाय सुजलेत. अंगठ्याने दाबलं की खड्डा तसाच राहतो. पाणी मोजून देतेय.

बुधवार, १२ ऑक्टोबर

अबू हिलालच्या पिकअपमधून गेलो, मागे वांग्यांची खोकी. यम्मा निघताना म्हणाली, "आज राहू दे गं, विजदान." मी म्हटलं, चल, उशीर होतोय.

पूर्ण चार तास मिळाले. मशीनवर तिचा हात धरून बसले. नळीतून रक्त जाताना तिने कधी बघितलेलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही. डोळे मिटून घेते.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

आज जे झालं ते मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

जाहा आली! आमच्याकडे! अकरा माणसं, सगळी कडक इस्त्रीची, मुतलकच्या घराण्यातले वडीलधारे हाजी सुवैलिम सर्वांत पुढे. लग्न मोडलं की समेट करायला येते जाहा, खून झाला की येते. माझ्या गाडीच्या दिव्यापायी आली! म्हणजे दिव्यापायी नाही. मी दुधाचं बोलले, त्यापायी. म्हणे मुतलक गेले सहा दिवस गॅरेज उघडत नाही, तर दोन्ही घरांत सुलह व्हायला हवी.

नाएफ, माझा थोरला भाऊ, अम्मानहून मुद्दाम आला. तोच घरातला पुरुष, तोच बैठकीत. मी? मी स्वयंपाकघरात, वेलदोडे कुटत! अकरा फिंजानं कॉफी मीच केली. हाजी सुवैलिमने आपलं फिंजान समोर ठेवलं, हात लावला नाही. त्यांना काय हवं ते मिळेपर्यंत ते पीत नसतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणाले, "तोंडून गेलेला शब्द आम्ही घेऊन जायला आलोय. आमच्या पोराकडूनही काही राहिलं असेल, ते तुम्ही सोडून द्या."

आणि नाएफ म्हणाला, "प्या तुमची कॉफी. तुम्ही उंबऱ्यावर आलात, विषय संपला."

संपला! कुणी विचारलं मला? गाडी माझी, चढ मी चढते, यम्माला मी नेते. हा महिन्यातून एकदा येतो, केळी आणतो आणि "अम्मानला पाठव तिला, माझ्या घराजवळच रुग्णालय आहे" म्हणून निघून जातो! आणि हा माझा विषय संपवणार? दाराआडूनच ओरडले, "आणि दिवा?"

मग हाजी सुवैलिमचा आवाज आला, "कसला दिवा?"

सगळ्यांनी कॉफी प्यायली. मुतलक शेवटी बसला होता. त्याच्या फिंजानातली थोडी सांडलीही. जाताना आत येऊन त्याने यम्माच्या कपाळाची पापी घेतली. यम्माने त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. पण वाटलं, शरमला असेल.

संध्याकाळी येऊन गाडी घेऊन गेला, तासाभरात परत आणून लावली. दिवा नाही. बघते आता.

शनिवार, १५ ऑक्टोबर

चढली. चार तास. लिहायला भीती वाटतेय.

रविवार, १६ ऑक्टोबर

आता फसायचं नाही. दोन दिवस बरी चालते आणि मग तेच, हे मला पाठ झालंय. दिवा यायच्या आधीच दुसऱ्याकडून उघडून घ्यायची ठरवली. शूनातली बाकीची दोन्ही गॅरेजं फिरले. पहिला म्हणाला, वेळ नाही. त्याच्याकडे एक मोटारसायकल आणि एक मांजर एवढंच होतं! दुसरा खरं बोलला. "मास्तरीणबाई, तुमची कॉफी प्यायली गेलीय. मी आता हे बॉनेट उघडलं तर मुतलकच्या तोंडात मारल्यासारखं होईल, आणि हाजी सुवैलिमच्याही."

सल्तला फोन केला, बस स्टँडजवळच्या मेकॅनिकला. नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "शूनाच्या त्या दिव्यावाल्या तुम्हीच का?"

दिव्यावाली! वा! म्हणजे समेट झाला म्हणून माझ्या गाडीला आता या खोऱ्यात कुणी हात लावणार नाही. गॅस्केट जळलं तेव्हा निदान सगळे मदतीला धावले होते. आता सगळ्यांचं समाधान झालंय, फक्त इंजिनचं व्हायचं राहिलंय.

सोमवार, १७ ऑक्टोबर

तिसरं वळण. मिचकावला. मग हिसके. मग बंद.

अबू हिलाल आज बाजाराला गेला नव्हता. एका अनोळखी माणसाने दोरी बांधून आमची गाडी घरापर्यंत ओढत आणली. रुग्णालयात फोन केला, म्हणाले, आज जागा नाही, बुधवारी या. बुधवारी पोचलंच पाहिजे. ही चुकली, आणि ती चुकली तर लागोपाठ दोन.

यम्मा खाटेवर पडून होती, सुजलेली, शांत. एवढी शांत की माझा तिच्यावरही राग निघाला. म्हटलं, तुला काहीच कसं वाटत नाही गं? तर म्हणते, "वाटतं ना. तुझं वाईट वाटतं."

मंगळवार, १८ ऑक्टोबर

दुपारी शाळेतून रजा घेऊन मुतलकच्या गॅरेजवर गेले. कसं सुचलं माहीत नाही. कदाचित त्या दिवशी दाराआडून बघत होते, म्हणून.

मुतलकने मला बघितलं आणि घाईघाईने किटली घेतली. कॉफी ओतली, फिंजान माझ्या हातात दिलं. मी ते समोरच्या टायरवर ठेवलं. प्यायले नाही.

बाईने असं कधी केलेलं नाही. निदान या रस्त्यावर तरी नाही. चहावाला उभाच राहिला. म्हटलं, "मुतलक, मी मागायला आलेय. माझ्यामागे अकरा माणसं नाहीत. एकटीच आहे. माझ्यासमोर ते पाइप उघड."

तो म्हणाला, "कॉफी पी, बहिणी."

"उघड."

गाडी अबू हिलालने घरून ओढत आणलीच होती. मुतलकने पाइपसुद्धा उघडले नाहीत! हात वळवून खाली घातला, त्या जागेची त्याला सवय असावी तसा, आणि कनेक्टर दाबून बसवला. मग टेबलाच्या खणातून कागदाची पुडी काढली. त्यात तारेची एवढीशी क्लिप. कनेक्टर जागच्या जागी धरून ठेवते ती. ती लावली. गाडी सुरू केली. चारही सिलिंडर गुण्यागोविंदाने चालायला लागले. दोन मिनिटं! घड्याळ बघितलं मी. दोन मिनिटांसाठी यम्माचे पाय भोपळ्यासारखे झाले!

आणि क्लिप हरवली नव्हती. विसरलीही नव्हती. विसरलेली वस्तू माणूस कागदात गुंडाळून ठेवत नाही! आठ दिवस गाडी याच्याकडे होती तेव्हाच काढली असणार. दर वेळी आत हात घालून कनेक्टर नुसता टेकवायचा, म्हणजे सपाट रस्त्यावर गाडी बरी आणि चढावर दणके बसले की सैल. मुद्दाम! माझ्या आईला मशीनवर पोचू द्यायचं नाही म्हणून!

मी त्याची कॉलर धरली. खरंच धरली. तो रडत होता. पन्नाशीला आलेला माणूस, मिशा भिजलेल्या. "मला विचारू नकोस. शब्द दिलाय. ज्यांना दिलाय त्यांनाच विचार."

ज्यांना! आणखी कोण असणार? नाएफ! गाडी बंद पडली की यम्माला अम्मानला न्यायला मोकळा. म्हणूनच एवढ्या तत्परतेने "प्या तुमची कॉफी" म्हणाला. जो माफ करत होता, तो स्वतःलाच माफ करत होता! तिथूनच फोन लावला. जे तोंडात येईल ते बोलले. चोर म्हटलं, आईच्या जिवावर उठलास म्हटलं. तो आधी हसला, मग चिडला, मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "विजदान, देवाशपथ, तू कशाबद्दल बोलतेयस मला कळत नाहीये." नाएफला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही. कान लाल होतात त्याचे, आणि फोनवरही ते ऐकू येतं.

मग कुणाला दिला शब्द? कॉफी तिथेच टायरवर राहिली.

घरी आले, गाडी दारात लावली. यम्माने आवाज ऐकला. "नीट झाली?" तिने विचारलं. हो म्हटलं. "अच्छा," म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

बुधवार, १९ ऑक्टोबर, पहाट

यम्मालाच विचारलं. ती म्हणाली, "मीच सांगितलं मुतलकला. दुधाची शपथ घातली. तुला नको म्हणून सांगितलं तर तू ऐकतेस कुठे? गाडी तयार आहे, चल, म्हणतेस. चार वर्षं झाली, विजदान. मी दमले गं."

गाडी तयार आहे. निघायचं तर वीस मिनिटांत निघायला हवं. तिच्या खाटेवर बसून आज पहिल्यांदाच विचारलं, जायचं का, यम्मा?